नजर पांढऱ्यात असते

मोठ्या शहरांतल्या मॉलमध्ये अलीकडे एक नवा धंदा दिसू लागला आहे. गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवायचे, हनुवटी टेकायला आधार द्यायचा, डोळ्यापासून काही इंचांवर मॅक्रो लेन्स आणि दिवा आणायचा, बुबुळाचा फोटो काढायचा आणि काळ्या पार्श्वभूमीवर तो हातभर मोठा छापून द्यायचा. नवराबायकोची दोन बुबुळे शेजारीशेजारी, किंवा घरातल्या चौघांची चार, असे जोडकामही करून मिळते. चित्र देखणे असते यात शंका नाही. तंतूंचे जाळे, मध्येच खळगे, बाहुलीभोवती पिवळसर कंगोरा, काठाला गडद वलय. पण त्यासोबत एक दावाही विकला जातो: चेहऱ्याचा फोटो वरवरचा, डोळ्याचा हा फोटो मात्र माणसाच्या आतला, त्याच्या नजरेचा. हा दावा मला चुकीचा वाटतो. कॅमेरा मानवी डोळ्याच्या जवळजवळ सरकत गेला त्याचा इतिहास पाहिला तर असे दिसते की एका ठरावीक अंतरानंतर नजर चित्रातून निघून जाते आणि मागे उरते ती एक वस्तू. ती सुंदर असेल, ओळख पटवायला उपयोगी असेल, पण ती कोणाकडे बघत नसते. आजची बुबुळाची कलात्मक छायाचित्रे स्वतःला व्यक्तिचित्रांच्या घराण्यातली म्हणवतात. त्यांचे खरे घराणे दवाखान्याचे आणि ओळखपत्राचे आहे. हे तपासून पाहायला नाशिकचा परिसर फार सोयीचा आहे, कारण इथे या गोष्टीचे तिन्ही टप्पे हाताशी सापडतात: वणीच्या गडावरची देवी, दादासाहेब फाळके यांचा सिनेमा, आणि नाशिक महसूल विभागातच मोडणारे नंदुरबार जिल्ह्यातले टेंभली गाव.

सुरुवात कॅमेऱ्याच्या आधीपासून करायला हवी. वणीच्या सप्तशृंगी गडावर कड्यात कोरलेली अठरा हातांची देवीची मूर्ती सुमारे आठ फूट उंच आहे. पिढ्यानपिढ्या तिच्यावर शेंदराचे थर चढत गेले. २०२२ मध्ये ते थर काढण्यात आले आणि खालचे मूळ कोरीव रूप पुन्हा दिसू लागले. पण त्याआधीच्या कित्येक पिढ्यांनी जी देवी पाहिली आणि तसबिरींतून घराघरांत नेली, तिच्यात शेंदरी रंगाच्या मोठ्या विस्तारात फक्त डोळे बिनशेंदराचे होते, चिनी मातीचे, पांढरेशुभ्र आणि मध्ये काळे. चेहऱ्याचे बाकी तपशील शेंदराने जवळजवळ पुसले होते, तरी देवी आपल्याकडे बघते आहे याविषयी भाविकाला शंका येत नव्हती. तिच्या बुबुळात तंतू नाहीत, खळगे नाहीत, रंगाच्या छटा नाहीत; एक सपाट काळा गोल आहे. नजर उभी राहते ती त्या गोलाभोवती सोडलेल्या पांढऱ्यामुळे आणि त्या पांढऱ्याला मिळालेल्या पापणीच्या आकारामुळे. पेणच्या गणपती कारखान्यांतही हेच दिसते. मूर्ती साच्यातून निघते, अंगरंग कोणीही भरू शकतो, पण डोळ्यांची आखणी मुरलेल्या हाताकडेच जाते. त्या आखणीत कारागीर ठरवतो काय, तर पापणीची रेषा किती उतरवायची आणि काळ्याच्या दोन्ही बाजूंना पांढरे किती ठेवायचे. तेवढ्यावर गणपती समोर बघतो, खाली बघतो किंवा कोणाकडेच बघत नाही.

कारागिरांचे हे जुने ज्ञान प्राणिशास्त्रात फार उशिरा लिहिले गेले. हिरोमी कोबायाशी आणि शिरो कोशिमा या जपानी संशोधकांनी १९९७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात माणसाच्या आणि इतर वानरवर्गीय प्राण्यांच्या डोळ्यांची तुलना मांडली. बहुतेक वानरांत बुबुळाभोवतीचा भाग तपकिरी किंवा गडद असतो, त्यामुळे प्राणी कुठे बघतो आहे हे दुसऱ्याला पटकन कळत नाही. माणसात तो भाग पांढरा असतो, उघडाही जास्त असतो, आणि डोळ्याची फट आडवी लांबट असते. नंतरच्या अभ्यासकांनी काही चिंपांझींतही पांढरे सापडते हे दाखवून ही मांडणी थोडी सौम्य केली. पण आपल्या प्रश्नापुरता निष्कर्ष टिकून आहे. समोरच्याची नजर आपण वाचतो ती गडद बुबुळ आणि उजळ पांढरे यांच्या परस्पर जागेवरून. नुसते बुबुळ कापून हातात दिले तर तो माणूस डावीकडे बघत होता, उजवीकडे बघत होता, रागावला होता की दमला होता, यातले काहीही सांगता येणार नाही.

आता कॅमेऱ्याकडे. कॅमेरा डोळ्याजवळ पहिल्यांदा गेला तो डॉक्टरच्या हातून, आणि त्याला नजरेशी कर्तव्य नव्हते. जर्मनीत हेल्महोल्ट्झने १८५१ मध्ये डोळ्याच्या आत डोकावण्याचे उपकरण जगापुढे आणले आणि मग डोळ्याचा पडदा कागदावर उतरवण्याची धडपड सुरू झाली. इंग्लंडमध्ये जॅकमन आणि वेब्स्टर यांनी १८८६ मध्ये जिवंत माणसाच्या डोळ्याच्या पडद्याचे छायाचित्र प्रसिद्ध केले. त्यासाठी अडीच मिनिटे प्रकाश द्यावा लागला. तेवढा वेळ रोग्याचा डोळा हलू नये म्हणून कॅमेरा त्याच्या डोक्यालाच बांधला होता. डॉक्टरकी आणि छायाचित्रण यांचे नाते आपल्याकडेही जुने आहे. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ ची, आणि तिच्या सुरुवातीच्या काळातले एक ठळक नाव म्हणजे डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी, जे स्वतः डॉक्टरही होते आणि छायाचित्रकारही. दुसरा हात पोलिसांचा. पॅरिसमध्ये आल्फोन्स बर्तियोंने गुन्हेगार ओळखण्यासाठी शरीराची मापे घेण्याची जी पद्धत बसवली, तिच्यात बुबुळाच्या रंगाची नोंद होती. डाव्या डोळ्याचे बुबुळ उजेडात पाहायचे, त्यातल्या पिवळ्या-तपकिरी रंगाच्या प्रमाणावरून त्याला सातांपैकी एका वर्गात टाकायचे. १८९० च्या दशकात त्याने छापलेला बुबुळांच्या छटांचा रंगीत तक्ता आज पाहिला तर थेट मॉलमधल्या भिंतीची आठवण येते: रांगेने मांडलेली बुबुळे, चेहरे नाहीत. ब्रिटिशांनी बर्तियोंची पद्धत हिंदुस्थानात आणली खरी, पण लवकरच बोटांच्या ठशांनी तिला मागे टाकले. बुबुळाच्या रंगाचा तर इथे काय उपयोग होणार होता? जिथे जवळपास सगळ्यांचे डोळे गडद तपकिरी, तिथे सात वर्गांतले सहा रिकामेच राहणार.

याच काळात इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, ब्रायटनला लागून असलेल्या होव्ह गावात, काही हौशी मंडळी सिनेमाशी खेळत होती. त्यांच्यातल्या जॉर्ज आल्बर्ट स्मिथने १९०० मध्ये एक मिनिटभराची फिल्म केली. एक मुलगा आजीचे भिंग घेतो आणि एकेक वस्तू जवळून पाहतो: वर्तमानपत्र, घड्याळ, पिंजऱ्यातला पक्षी, मांजराचे पिल्लू. मध्येच तो भिंग आजीच्या डोळ्यावर धरतो आणि गोल चौकटीत आजीचा एकच डोळा पडदाभर होतो. पडद्यावर एवढ्या जवळून आलेल्या डोळ्यांतला हा अगदी पहिल्या काहींपैकी एक. तो डोळा गरगर फिरतो, वर बघतो, खाली बघतो. पापणी, सुरकुत्या आणि पांढरे सगळे चौकटीत आहे, म्हणून तर हसू येते. स्मिथने बुबुळापाशी जाऊन कॅमेरा थांबवला असता तर विनोद झालाच नसता. त्याच होव्ह गावात स्मिथचा शेजारी होता जेम्स विल्यमसन. त्याने १९०१ मध्ये एका फिल्ममध्ये एक माणूस कॅमेऱ्याकडे चालत येतो, त्याचे तोंड पडदा व्यापते आणि तो कॅमेराच गिळून टाकतो असे दाखवले. हाच विल्यमसन पुढे सिनेमाची यंत्रे बनवू लागला, आणि १९१२ मध्ये विल्यमसन कंपनीचा कॅमेरा विकत घ्यायला लंडनला गेलेल्या गिऱ्हाइकाचे नाव होते धुंडिराज गोविंद फाळके.

फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, मग बडोद्याचे कलाभवन, मग छायाचित्रकाराचा व्यवसाय, पुरातत्त्व खात्यातली नोकरी, छापखाना. बडोद्यात त्यांचा फोटोचा धंदा चालला नाही, त्याचे एक कारण असे सांगतात की कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती ओढून घेतो, अशी भीती लोकांत पसरली होती. ही भीती अडाणीपणाची म्हणून सोडून देऊ नये. कॅमेरा बघतो पण आपल्याला त्याच्याकडे बघता येत नाही, ही एकतर्फी गोष्ट लोकांना खटकली होती, आणि पुढे टेंभलीपर्यंत आपल्याला तिचा माग काढायचा आहे. मुंबईत ख्रिस्ताच्या चरित्रावरची फिल्म पाहिल्यानंतर फाळके यांना सिनेमाचा ध्यास लागला. रात्रंदिवस फिल्मा पाहणे, प्रयोग, जागरण, अपुरे खाणे यांनी त्यांचे डोळे गेले, काही काळ दिसेनासे झाले. डॉ. प्रभाकर यांचे उपचार आणि चष्मे यांच्या बळावर दृष्टी परत आली. लंडनहून परतल्यावर त्यांनी भांडवलदाराला पटवण्यासाठी पहिली फिल्म केली तिचा विषय होता कुंडीतल्या वाटाण्याच्या अंकुराची वाढ. रोज थोडे थोडे चित्रण करून महिनाभराची वाढ मिनिटभरात दाखवायची. नुकत्या बऱ्या झालेल्या डोळ्यांनी केलेले हे पहिले काम म्हणजे एका लहान सजीव वस्तूकडे अगदी जवळून, धीराने बघणे होते. हा तपशील लक्षात ठेवावा, कारण पुढच्या आक्षेपाला तोच उत्तर आहे.

‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावात कॉरोनेशन सिनेमात लागला आणि त्याच वर्षी फाळके यांनी बाडबिस्तरा नाशिकला हलवला. ‘मोहिनी भस्मासुर’, ‘सत्यवान सावित्री’, ‘लंकादहन’ ही नाशिकची कामगिरी. १९१८ मध्ये हिंदुस्तान फिल्म कंपनी उभी राहिली ती इथेच, आणि १९१९ चा ‘कालिया मर्दन’ हा त्यांच्या मूकपटांपैकी आपल्याला आज बऱ्यापैकी पाहायला मिळणारा. त्यात कृष्णाची भूमिका फाळके यांची लहानगी मुलगी मंदाकिनी हिने केली. चित्रपटाची गोष्ट सुरू होण्याआधीच कॅमेरा तिच्या चेहऱ्याजवळ जातो. तिच्या चेहऱ्यावर एकामागून एक भाव येतात, ती घरची मंदाकिनी असते आणि मग कृष्णाच्या वेशात दिसते. बापाने लेकीची ओळख करून द्यावी तसे हे चित्रण आहे, पण त्यात एक निर्णयही आहे. कॅमेरा चेहऱ्यापर्यंत येतो आणि थांबतो. डोळे चौकटीच्या मध्यावर आहेत, ते आपल्याकडे वळतात, बाजूला जातात, परत येतात. याच्या पलीकडे फाळके जात नाहीत.

इथे जाणकार वाचक अडवेल. फाळके यांनी डोळ्याचा जवळून फोटो घेतला नाही यात निर्णय कसला, त्यांना तो घेताच येत नसेल. १९१९ मध्ये फिल्म मंद होत्या, लेन्सा साध्या होत्या, बुबुळाचे तपशील उतरले नसते. आक्षेपात अर्धे तथ्य आहे. पण वाटाण्याचा अंकुर टिपणाऱ्या माणसाला लहान वस्तूच्या जवळ जाणे ठाऊक नव्हते असे म्हणता येणार नाही, आणि ज्या गावच्या कारखानदाराचा कॅमेरा त्यांच्याकडे होता त्या गावात एकोणीस वर्षांपूर्वीच आजीचा डोळा पडदाभर करून झाला होता. उलट त्या काळच्या फिल्मची मर्यादा नजरेच्या बाजूने काम करत होती, ही गंमत सहसा कोणी सांगत नाही. मूकपटांची फिल्म निळा प्रकाश भरपूर टिपायची आणि तांबड्याला जवळजवळ आंधळी होती. त्यामुळे युरोप-अमेरिकेतल्या निळ्या डोळ्यांच्या नटांची पंचाईत व्हायची. त्यांचे बुबुळ पडद्यावर पांढुरके होऊन भोवतालच्या पांढऱ्यात विरून जायचे आणि डोळा फुटल्यासारखा दिसायचा. तपकिरी डोळे त्याच फिल्मवर काळेभोर उतरायचे. बुबुळाच्या आतले काहीच दिसायचे नाही, पण काळे आणि पांढरे यांच्यातली सीमारेषा धारदार यायची. म्हणजे नाशिकच्या उन्हात मंदाकिनीचे आणि फाळके यांचे नट अण्णा साळुंके यांचे डोळे जसे चित्रित झाले, ते वणीच्या देवीच्या डोळ्यांच्याच हिशेबाने: सपाट काळे, उजळ पांढरे, वर काजळाची रेघ. ‘लंकादहन’ मध्ये साळुंके राम म्हणून पडद्यावर आले की प्रेक्षक हात जोडत, असे सांगतात. त्या प्रेक्षकांना रामाच्या बुबुळाची जडणघडण दिसत नव्हती. राम आपल्याकडे बघतो आहे एवढे दिसत होते, आणि दर्शनाला तेवढे पुरते.

दर्शन ही दुतर्फा गोष्ट आहे, आणि तिचा हक्क किती मोलाचा असतो हे नाशिकएवढे कोणत्या गावाने पाहिले असेल. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली, दादासाहेब गायकवाड यांच्यासारख्या स्थानिक कार्यकर्त्यांच्या बळावर, काळाराम मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला आणि तो पुढे काही वर्षे चालला. मूर्ती नुसती पाहायची असती तर तसबीर बाजारात मिळत होती. दाराशी अडवलेल्या माणसांना नाकारले जात होते ते देवासमोर सर्वांच्या बरोबरीने उभे राहणे. बघण्यामध्ये दोन बाजू असतात आणि त्यातली एक बाजू कोणीतरी बंद करू शकते, ही जाणीव ठेवून आता पुढच्या टप्प्याकडे जायला हवे.

मधल्या काळात बुबुळ पुन्हा ओळखपत्राच्या वाटेला लागले होते. बुबुळाची घडण गर्भातच जवळपास पूर्ण होते, आयुष्यभर फारशी बदलत नाही आणि एकाच माणसाच्या दोन डोळ्यांतही सारखी नसते. लेनर्ड फ्लॉम आणि अरान साफिर या नेत्रतज्ज्ञांनी १९८७ मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले आणि केंब्रिजच्या जॉन डॉगमन यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिचे गणित बसवले. छायाचित्राच्या इतिहासात हे गणित एकदा नाट्यमय रीतीने आले. स्टीव्ह मॅककरी यांनी १९८४ मध्ये पाकिस्तानातल्या निर्वासितांच्या छावणीत काढलेला अफगाण मुलीचा फोटो पुढच्या वर्षी ‘नॅशनल जिओग्राफिक’ च्या मुखपृष्ठावर आला आणि तिचे हिरवे डोळे जगभर प्रसिद्ध झाले. २००२ मध्ये शरबत गुला नावाची स्त्री सापडली तेव्हा तीच ती मुलगी हे ठरवण्यासाठी डॉगमन यांनी दोन्ही फोटोंतली बुबुळे ताडून पाहिली. याचा दाखला देऊन म्हणता येईल की नजर आणि ओळख एकाच फोटोत नांदू शकतात. नांदतात, पण एकत्र काम करत नाहीत. मुखपृष्ठ पाहणारा पापण्यांमधून रोखलेल्या त्या बघण्याने थबकला. डॉगमन यांच्या गणिताला मात्र पापण्या आणि पांढरे बाजूला काढून फक्त बुबुळाचे कडे हवे होते. आणि ते कडे साध्या प्रकाशातल्या फोटोत वाचता आले याला तिच्या डोळ्यांचा फिका रंग बराच कारणीभूत असणार.

तपकिरी डोळ्यांचे तसे नाही. बुबुळात निळा किंवा हिरवा असा रंगद्रव्याचा साठा नसतोच. असते ते मेलॅनिन, कमी किंवा जास्त. कमी असेल तर प्रकाश विखुरून निळसर छटा येते आणि आतले तंतू दिसतात. जास्त असेल तर ते दृश्य प्रकाश शोषून घेते आणि सगळे एकजीव गडद दिसते. म्हणून बुबुळ ओळखणाऱ्या यंत्रांत साधारण ७०० ते ९०० नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश वापरतात. तो डोळ्याला जवळजवळ दिसत नाही, मेलॅनिनला फारसा अडत नाही, आणि काळ्याभोर डोळ्यातलीही नक्षी करड्या छटांत उघडी करतो. भारतीय डोळ्यांच्या बुबुळांचे जवळून छायाचित्र मोठ्या प्रमाणावर शक्य झाले ते या प्रकाशात, आणि ते काढले सरकारने. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यातील टेंभली या आदिवासी गावात पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. दहा बोटांचे ठसे, चेहरा आणि दोन्ही बुबुळे. पुढे एकशे तीस कोटींहून अधिक क्रमांक दिले गेले. पाच वर्षांखालची मुले वगळली तर त्यातल्या बहुतेकांच्या बुबुळांची चित्रे घेतली गेली आहेत. मानवी डोळ्याचे जवळून छायाचित्रण एवढ्या संख्येने जगात दुसरीकडे झालेले नाही, आणि त्याची सुरुवात गोदावरीच्या नव्हे तरी तापीच्या खोऱ्यात, आपल्याच विभागात झाली. कलेच्या इतिहासात हे कोणी धरत नाही, हे मला विचित्र वाटते.

विरोधी बाजूचे इथे न्यायाने ऐकायला हवे. बुबुळांची नोंद घेण्यामागे गरिबांना वगळण्याचा नव्हे, सामावून घेण्याचा विचार होता. शेतात, बांधकामावर, खाणीत राबणाऱ्यांच्या बोटांचे ठसे झिजतात, मग यंत्र त्यांना ओळखत नाही. बुबुळ झिजत नाही. हा युक्तिवाद प्रामाणिक आहे आणि तो मान्य करायला हरकत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०१८ मध्ये काही मर्यादा घालून ही योजना वैध ठरवली. माझा मुद्दा योजनेच्या बरे-वाइटाचा नाही, तिथे निघालेल्या चित्राच्या स्वरूपाचा आहे. टेंभलीच्या रहिवाशाने यंत्राकडे पाहिले तेव्हा त्याच्या बघण्याला काही अर्थ नव्हता. घाबरून पाहिले, हसून पाहिले, अभिमानाने पाहिले, नोंद एकच. बडोद्यात कॅमेऱ्यासमोर बसायला कचरणाऱ्यांना जे एकतर्फी वाटत होते ते इथे पूर्णत्वाला गेले: डोळा समोर आहे, नजर नोंदवलेली नाही, आणि ते चित्र ज्याचे आहे त्याने ते कधी पाहिलेलेही नाही.

आर्मेनियाचे छायाचित्रकार सुरेन मान्व्हेल्यान यांची मानवी बुबुळांची मालिका जगभर फिरू लागली तीही २०१० च्या आसपासच. आजच्या बुबुळ-स्टुडिओंची चित्रे त्याच वळणाची आहेत. योगायोग तारखांचा असेल, चौकटीचा नाही. दोन्ही ठिकाणी चेहरा, पापणी, पांढरे गळून कडे उरते. कलाकार म्हणेल, आमच्या चित्रात रंग आहे, यंत्राच्या चित्रात तो नाही; फरक मोठा आहे. पण आपल्याकडच्या डोळ्यांपुरता तो रंग कुठून येतो ते पाहावे. गडद बुबुळावर बाजूने झगझगीत प्रकाश टाकावा लागतो. त्या प्रकाशाने बाहुली आकसते आणि कडे रुंद होते, म्हणजे इतके पसरलेले बुबुळ त्या माणसाच्या सहवासातल्या कोणी संध्याकाळच्या उजेडात कधी पाहिलेले नसते. मग संगणकावर छाया उजळतात, तपकिरीतला मध आणि तांबूस वेचून वाढवतात. त्याहून महत्त्वाची गोष्ट प्रतिबिंबाची. बुबुळासमोरच्या पारदर्शक घुमटावर दिव्याचे चकाकते ठिपके पडतात. चेहऱ्याचे फोटो काढणारे या ठिपक्याला कॅचलाइट म्हणतात आणि त्यावाचून डोळा मेल्यासारखा दिसतो हे त्यांना पक्के ठाऊक असते. जुन्या स्टुडिओत तो आला नसेल तर टचिंग करणारा ब्रशाच्या टोकाने घालत असे. बुबुळाच्या चित्रकाराला मात्र तो अडथळा वाटतो, कारण त्याखालचे तंतू झाकले जातात. तो त्याला पुसतो. डोळ्यात समोरच्या जगाची जी एकमेव खूण होती तीही अशी जाते.

यावर सर्वांत बळकट आक्षेप असा की कलाकाराने नजर दाखवलीच पाहिजे हा नियम कोणी केला? बुबुळ हे एक भूदृश्य आहे, लोणारच्या विवरासारखे पाहावे आणि सुखावावे. हे मला पूर्ण मान्य आहे. वस्तू म्हणून पाहिले तर या चित्रांत खरोखर नवे काही आहे. तंतूंचे आरे, आकसण्याच्या वर्तुळाकार घड्या, एखाद्या कोपऱ्यातला काळा तीळ, हे आपल्याच शरीरात असून आपण कधी पाहिलेले नसते. बर्तियोंचा तक्ताही देखणाच आहे. भांडण चित्राशी नाही, त्याच्या खाली लिहिल्या जाणाऱ्या ओळीशी आहे. भूदृश्य म्हणून विकावे, ‘तुमची नजर’ म्हणून विकू नये. नवराबायकोची बुबुळे शेजारी टांगली तर ती दोघे एकमेकांकडे बघत नाहीत. दोन ठसे शेजारी लावल्यासारखे ते आहे. नाशिक रोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये पासपोर्टच्या पुस्तिका छापल्या जातात, आणि त्या पुस्तिकेत जायच्या फोटोसाठीही डोळे उघडे हवेत, समोर हवेत, चष्म्याची चकाकी नको, अशा अटी असतात. निदान तिथे कोणी तो फोटो आत्म्याचा आहे असे सांगत नाही.

उरतो शेवटचा प्रश्न: नजर टिकवायची तर जवळ जायचेच नाही का? मंदाकिनीच्या चेहऱ्यापाशी थांबणे हाच एक मार्ग आहे का? आकडे तसे म्हणत नाहीत. माणसाचे बुबुळ सुमारे १२ मिलिमीटर व्यासाचे असते आणि डोळ्याची फट, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत, सुमारे ३० मिलिमीटरची. साध्या मॅक्रो लेन्सने वस्तू तिच्या खऱ्या आकारात टिपली तर पूर्ण आकाराच्या कॅमेऱ्याच्या ३६ मिलिमीटर रुंद चौकटीत अख्खी फट दोन्ही कोपऱ्यांसकट बसते, पापण्या येतात, दोन्ही बाजूंचे पांढरे येते, कॅचलाइट येतो, आणि बुबुळातले तंतूही त्यात असतात. या धंद्यातले पुष्कळसे फोटो मुळात या अंतराच्या आसपासच काढलेले असतात. पांढरे बहुतेकदा नंतर, संगणकावर, गोल कापताना टाकून दिले जाते.